भुवईवरची मेंदी

मुंबईहून सकाळीच घरी पोचलेल्या नेत्राने आईला बघितलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी हेदवीची माणसं तिला बघायला येणार होती, आणि आईने केसांबरोबर भुवयांनाही मेंदी फासलेली. उजव्या भुवईवर तर कपाळापर्यंत केशरी डाग.

“अशी येणारेस त्यांच्यासमोर? काय म्हणतील ते?” म्हणत तिने आईला मागच्या पडवीत पाटावर बसवलं.

“ऱ्हाव दे गो बाय,” आई दोनदा पुटपुटली. नेत्राने ऐकलं नाही. डोळ्यात जाईल म्हणून लिंबू टाळलं, खोबरेल चोळून मुरू दिलं, मग ओल्या कापसाने हलक्या हाताने पुसत राहिली. असं तीन-चारदा केल्यावर डाग फिकटला, आणि खालची कातडी पांढरीफटक निघाली.

कोड.

“शिमग्यानंतर उठलंय,” आई खाली मान घालून म्हणाली. “तुझं ठरेपर्यंत कुणाला दिसू नये म्हणून लावत होते.”

पुढच्या दारी गाडी थांबली; हेदवीची माणसं वेळेआधीच आली होती.



आईने पदर कपाळावर ओढला. “जा तू. मी इथंच बसते. आई माहेरी गेलीय म्हणून सांग.”