दिग्रसचे बागी

बर्फ कापणाऱ्या मजुरांनी एकाच वेळी करवती खाली टाकल्या, तेव्हा बळीरामशेठ खुर्चीतून उभेच राहिले.

"शाब्बास! पाह्यलं? पाह्यलं का तुमी?"

ऑफिसच्या फरशीवर दाटीने बसलेल्या बायांनी पाहिलंच होतं. जमनीने तोंडावर हात धरला होता. टीव्हीच्या पडद्यावर, कुठल्याशा दूरच्या चंद्रावर, हजारो माणसं पहारेकऱ्यांकडे पाठ करून बसली होती. त्यांनी कापलेल्या बर्फाच्या इंधनावर चालणारी साम्राज्याची जहाजं एकेक करून विझत होती. मधोमध त्यांची पुढारी नेरा उभी होती. तिने उघडा तळवा कपाळाशी नेला आणि म्हणाली, "सब नहीं, तो कोई नहीं."

शेठनी चष्मा काढून डोळे पुसले.

'बागी आसमान' ही बंडखोरांची परदेशी मालिका हिंदीत यायची, दर रविवारी संध्याकाळी. नेमकी तेव्हाच दिग्रसची लाइट जायची. बळीरामशेठच्या कापसाच्या जिनिंगला जनरेटर होतं आणि ऑफिसात टीव्ही. आधी बाया नुसत्या दारातून डोकावत. एकदा शेठनीच हाक मारली, "बाहेर काहून उभ्या? अंदर या. एकट्यानं पाहन्यात मजा नाई."

त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. बाजारात कोणी धड बोलत नव्हतं. पण जिनिंगच्या बायांकडे आठवडाभर पुरेल एवढं बोलणं होतं. सरकी काढणाऱ्या रेच्यांत कापूस टाकता टाकता त्या चंद्र, जहाजं आणि बागी यांचंच बोलत. साधनाला नेराचं प्रत्येक वाक्य पाठ होतं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आलेल्या जमनीला म्हातारा जहाजवाला आवडे. "माह्या आज्यासारखा हाय. बोलते कमी, चालते जास्त."

प्रभावतीचं कौतुक वेगळंच असे. "लढाईच्या आदल्या दिवशी बी नेरा भांडे घासते, माय. असं कोनी दाखवत नाई."

आणि सम्राट पडद्यावर आला की शेठ सगळ्यांहून मोठ्याने ओरडत, "मेल्याले लोकायचं रडनं ऐकू येत नाई काय?"

त्या रविवारी प्रभावती नव्हती. पंधरवड्यापूर्वी तिची दोन बोटं मशिनीच्या पट्ट्यात गेली होती. पट्ट्यावर जाळी बसवा, असं बाया कधीपासून म्हणत होत्या. हात जरा बरा झाल्यावर ती कामावर आली, तर मुकादम फुलसिंगने तिला फाटकावरूनच परत पाठवलं. शेठचा हुकूम होता.

तिच्यासाठी साधना शेठकडे गेली होती.

"मी काय करू बाई?" शेठ म्हणाले. ते खरंच थकलेले दिसत होते. "वरचे बेपारी मले पिळून राह्यले. रोज नवा भाव, रोज नवा नियम. माह्या हातात काई नाई."

साधना तशीच परतली होती. पण त्या रविवारी भाग संपल्यावर ती बाहेर अंगणात थांबली. बाया बाहेर पडल्या तशी ती हळूच म्हणाली, "उद्या आपन बी बसू."

"अन् शेठनं काढून टाकलं तं?" जमनीने विचारलं. तिची दोन लेकरं जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्येच झोपत होती.

"शेठ रडले ना आता? नेरासाठी रडते तो मानूस. त्याले प्रभावतीमावशी समजन."

फुलसिंगच्या कानावर ते गेलंच. तो हसला. "टीव्ही टीव्ही असते, बाई."

सोमवारी सकाळी रेचे सुरू झाले आणि एकही बाई आत गेली नाही. सगळ्या कापसाच्या गंजीपुढे उघड्यावर बसल्या, मशिनींकडे पाठ करून. मध्ये प्रभावती, हाताला पट्टी बांधलेली. फुलसिंगने शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग फोन करायला धावला. रिकामे रेचे थोडा वेळ घरघरले. मग कोणीतरी ते बंद केले. ऐन हंगामात जिनिंग एवढं शांत कोणी ऐकलं नव्हतं. फाटकाबाहेर गाडीबैलांची रांग थांबली.

शेठची जीप आत आली.

शेठ उतरले. समोर पाहून जागीच थांबले.  रात्रभर घोकलेलं सगळं साधना विसरली. जाळी, मावशीचं काम, दवाखाना, काहीच आठवेना. तिने उघडा तळवा कपाळाशी नेला.

"सब नहीं, तो कोई नहीं."

तिच्या मागोमाग सगळ्यांचे तळवे वर गेले. प्रभावतीने पट्टीचा हात उचलला.

शेठ बघत राहिले.  चष्म्यामागून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला आणि तळवा कपाळाला लागला.

फुलसिंगने आ वासला.

"याडी गं," जमनीने साधनाचा दंड घट्ट धरला. "जितलो आपन."

शेठनी जीपची किल्ली फुलसिंगच्या हातात दिली. धोतर सावरून, गुडघ्यांवर हात टेकत ते साधना आणि प्रभावतीच्या मधल्या जागेत खाली बसले. धुळीतच. मशिनींकडे पाठ करून.

"किती वर्सं वाट पाहून राह्यलो," ते म्हणाले. "मले वाटे, मी एकलाच हावो."

 प्रभावती पदराने डोळे टिपत होती.

शेठनी मांडी नीट घातली, पाठ ताठ केली, आणि साधनाच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "बरं, सांग आता. आपला सम्राट कोन हाय?"