खाली चाललेली रेषा

रेषा वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघाली होती आणि तडक खालच्या उजव्या कोपऱ्यात येऊन आपटली होती. फोनवर आलेल्या फोटोखाली बाबांनी लिहिलं होतं, 'माझ्या दर आठवड्याच्या वजनाचं समीकरण मांडलं आणि तुझ्याच प्रोग्रॅममध्ये घातलं. आलेख सोबत. काळजी करू नकोस.'

काळजी करू नकोस हे वाचूनच तिला काळजी वाटू लागली.

समोर खोडकाढे तावातावाने बोलत होता. त्याचं खरं नाव ऑफिसात फारसं कुणी घेत नसे. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे त्याचं काम, आणि पगार बंद झाला असता तरी त्याने ते सोडलं नसतं. दोघांचं सध्या एकाच गोष्टीवरून वाजत होतं. शाळांसाठी त्यांनी आलेख काढणारा प्रोग्रॅम केला होता. मुलांनी फंक्शन टाइप केलं की पडद्यावर पहिल्यांदा किती भाग दाखवायचा, एवढाच प्रश्न होता. खोडकाढे म्हणायचा, दोन्ही अक्षांवर उणे दहा ते दहा, विषय संपला. ती म्हणायची, मग शंभराच्या वर फिरणारं फंक्शन दिसणारच नाही, मुलं रिकाम्या चौकटीकडे बघत बसतील. म्हणून तिने आपल्या हाताने वेगळी सोय केली होती. फंक्शनची सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत शोधायची आणि उभा अक्ष बरोबर तेवढाच ठेवायचा. काहीही टाइप करा, आलेख चौकटभर दिसणार. या सोयीचा तिला फार अभिमान होता.

"हे बघ," खोडकाढे म्हणत होता. "शंभर अधिक एक्स भागिले हजार. जवळजवळ आडवी रेषा. तुझ्या कृपेने घाट चढतेय. राईचा पर्वत करतेस तू."

तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "बाबांचं वजन. बघ कसं घसरलंय. मी निघते."

त्याने डोळे बारीक केले. "पण उभ्या अक्षावरचे आकडे कुठे आहेत?"

तोवर ती जिन्यात पोचली होती.

बाबांनी फोन उचलला नाही. आईने उचलला आणि म्हणाली, "फोनवर काय सांगू? ये, म्हणजे कळेल." मग तर तिचं उरलंसुरलं अवसानही गळालं. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती स्वतःलाच बोल लावत राहिली. 'पुढच्या महिन्यात नक्की येते' हे तिने आईला इतक्या वेळा ऐकवलं होतं की हल्ली आईच ते तिच्याआधी म्हणून टाकायची. तिला बाबा आठवत राहिले. गणिताचे मास्तर. जेवणाच्या टेबलावर बसवून तिच्याकडून आलेख काढून घेणारे. अक्षांवर आकडे घालायचे राहिले की वही परत सरकवायचे. "ही रेषा नाही, हा ओरखडा आहे," म्हणायचे. पोटच्या मुलीलाही त्यात कधी सूट मिळाली नव्हती. ते आठवून तिला रडूच आलं. शेजारच्या बाईंनी न विचारता रुमाल पुढे केला.

दार बाबांनीच उघडलं. हातात पाना होता, बाह्या दुमडलेल्या होत्या. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करण्याच्या नावाखाली त्यांनी आत तळं केलं होतं. गाल होते तसेच होते. पोटावरचं बटणही नेहमीसारखंच जिवावर उदार होऊन शर्ट धरून बसलं होतं.

ती थेट कॉम्प्युटरपाशी गेली. आलेख उघडाच होता. रेषा तीच, तशीच कोसळणारी. फक्त इथे उभ्या अक्षावर आकडे होते. वरच्या टोकाला एकाहत्तर पूर्णांक तीन. खालच्या टोकाला एकाहत्तर पूर्णांक एक.

दोनशे ग्रॅम. बाबांनी चष्मा आणि किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवला असता तरी वजनात तेवढा फरक पडला असता.

ती हसत सुटली. आपणच बांधलेल्या घाटात आपणच गडगडलो होतो. आनंद इतका झाला होता की तिने लगेच खोडकाढेला फोन लावला. "उणे दहा ते दहा चालणार नाहीच," ती म्हणाली. "पण पर्वताबद्दल तुझं बरोबर होतं." हरल्याची कबुली देताना तिला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

रात्रीचं जेवण मजेत झालं. तिच्या खोलीतली गादी दिवसभर ऊन खाऊन आली होती, वर धुतलेली चादर होती. आईने तिच्या ताटात तिसऱ्यांदा वाढलं. बाबा तिला ऑफिसातल्या एकेकाबद्दल विचारत होते आणि खोडकाढेच्या गोष्टींवर टेबल थोपटून हसत होते.

"परत गेले की बदलून टाकते," ती म्हणाली. "किमतीच्या मानाने चढउतार किरकोळ असेल तर अक्ष शून्यापासून सुरू होईल. मग तुमची रेषा या टेबलासारखी सपाट दिसेल." मग तिला काहीतरी आठवलं. "पण बाबा, फोटोत आकडे कसे नव्हते?"

"राहिले असतील."

"तुमच्याकडून?"

आईला एकदम ठसका लागला. बाबांनी तिच्याकडे पाण्याचा पेला सरकवला आणि बराच वेळ तो पेलाच न्याहाळला.

"शाळांसाठी बदल, जरूर बदल," ते म्हणाले. "माझ्या कॉम्प्युटरवर मात्र जुनंच राहू दे. सपाट रेषा बघून तू कशाला येशील?"