रबराच्या रिंगा

शेठच्या जुन्या विलायती गाडीतून आंब्याच्या पेट्या न्यायला केरू ड्रायव्हर वर्षानं गावी आला, आणि येताना कशेडी घाटातच पुढच्या चाकांचे ब्रेक जाम व्हायला लागले. खळ्यात गाडी उभी करून ब्रेकचे कॅलिपर खोल, पिस्टनचा गंज घास, यातच त्याची सगळी सुट्टी सरली. बायकोशी, चिमाशी, धड चार शब्द बोलणंही झालं नाही. आता पिस्टनभोवती नव्या रबरी रिंगा बसवल्या की पहाटे निघायला तो मोकळा. अंग आंबलं होतं. जेवून पडवीत जरा कलंडला, तो डोळाच लागला.

उठून बघतो तर रिंगा रॉकेलच्या वाटीत, टम्म फुगलेल्या. रेशनचं रॉकेल थेंबाथेंबानं पुरवून वापरणाऱ्या चिमानं ते वाटीभर ओतलं होतं.

"काय केलंस गो हे?" केरूनं वाटीतली एक रिंग उचलून बघितली. "रॉकेलात रबर फुगून वाया जातं. आता मुंबईहून दुसऱ्या रिंगा येईस्तोवर गाडी जागची हलायची नाय."

चिमा सुपातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाव हाय मला. गेल्या साली तुमीच सांगितलं होतंत."