ओसरीवरची सासू आणि उखळाचा आवाज

सेरवाने पुड्यातली पावडर गरम पाण्यात घोटून फुफूचा गोळा केला, पातेल्यात झाकून ठेवला, परसाचं दार आतून लावून घेतलं आणि रिकाम्या उखळात मुसळ हाणायला सुरुवात केली.

ठक्. ठक्.

ओसरीवर सासू बसली होती. मामे टिवा लग्नानंतर पहिल्यांदाच लेकाच्या कुमासी शहरातल्या घरी आली होती आणि मांडीवरची कापडी पिशवी काही सोडत नव्हती. थोरल्या सुनेच्या फुफूत एकदा गाठ निघाली, तर शिकवायला म्हणून ही बाई तिच्याकडे पावसाळा सरेपर्यंत राहिली होती. त्यानंतर थोरलीच्या फुफूत गाठ म्हणून कधी निघाली नाही. खरा फुफू उकडलेला कसावा कंद उखळात कांडूनच करायचा, पण सेरवाने कांडलेल्या कसाव्यात गाठीच जास्त असायच्या. आणि अख्खा पावसाळा सासू उरावर, या विचारानेच तिला घाम फुटत होता. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, म्हणत तिने आणखी जोरात हाणलं.

"ऐकतेस ना, आई?" शेजारी बसलेल्या सेरवाच्या नवऱ्याची, ओसेईची छाती फुगली होती. "माझी बायको पुडे फोडणाऱ्यातली नाही!"

"ऐकतेय. गोळा उलटवतंय कोण?"

ओसेई गोंधळला. कांडायला एक आणि उलटवायला एक, दोघं तर लागतातच. "सेरवा, तुझ्याबरोबर कोण आहे गं?"

मुसळ क्षणभर थांबलं. "कुणी नाही! मीच कांडते, मीच उलटवते!"

"बोटं सांभाळ हो, पोरी," सासू शांतपणे म्हणाली.

"तूही एकटीच कांडायचीस की," ओसेई म्हणाला. "तेही दार लावून. कुणी डोकावलं तर फुफूला नजर लागते म्हणे! लहानपणी माझी डावी चप्पल हरवली, ती शोधायला आत येत होतो, तर केवढी अंगावर आलीस!"

"ती बकरीने खाल्ली."

"रबरी चप्पल कुठली बकरी खाते?"

"आमची खायची."

जेवायला पामच्या फळांचं लालभडक सार होतं, त्यात बोकडाचं मटण. मामे टिवाने फुफूचा लचका तोडला, सारात बुडवला आणि न चावता गिळला. फुफू चावायचा नसतोच, पण गाठ असली तर घशाला बरोबर कळते. सेरवा सासूच्या गळ्याकडे बघत राहिली. दुसरा लचका गेला, तिसरा गेला.

"गाठ नाही," सासू म्हणाली.

"शपथ सांगतो, आई," ओसेईने डोळे मिटले, "अगदी तुझ्या हातचा! काडीचा फरक नाही!"

"मग माझं इथे काय काम? उद्या निघते मी."

सेरवाला नाचावंसं वाटलं.

ओसेई हात धुवायला गेला. ती भांडी घेऊन आत वळली, तर सासू पिशवी घेऊन मागोमाग आली आणि तिने दार लावून घेतलं. चोराच्या मनात चांदणं. सेरवाने हातातली भांडी खाली ठेवली.

"पोरी, रिकामं उखळ ठकठकतं," मामे टिवा हळूच म्हणाली. "भरलेलं धपधपतं. तळाशी हे घालत जा."

आणि तिने पिशवीतून काढून सेरवाच्या हातात ठेवली, मुसळाखाली भाकरीसारखी चपटी झालेली, लहान मुलाची डावी रबरी चप्पल.