युद्धविराम

“दुनियेच्या लढाया वाचून हिले काय भेटते, देव जाणे!” पालक निवडता निवडता कौशल्याबाई सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटल्या.

हर्षाने पुस्तकातून मान वर केली नाही. आंतरराष्ट्रीय राजकारणाचा एम.ए.चा पेपर तोंडावर आला होता, आणि सासूचे टोमणे तर रोजचेच. आखातात नोकरीला गेलेल्या तिच्या नवऱ्याचा, सुशीलचा, दिवाळीपासून फोन नव्हता. अख्ख्या मरोदा गावात कौशल्याबाई एकच सांगायच्या, “तिकडं लढाई चालू आहे नं, पोरगा अडकला.”

तेवढ्यात शेजारच्या देवरावांनी दारातूनच विचारलं, “सुशीलची काही खबर?”

सासूने तोंड उघडायच्या आत हर्षा बोलून गेली, “युद्धविराम कधीचाच झाला, काका. विमानंही सुरू झाली.”

देवराव खाली मान घालून निघून गेले. कौशल्याबाईंनी पालकाची परात भिरकावली. “कावून सांगतलं त्याईले?”

“खोटं कुठं बोलली मी, आई?”



“लढाई चालू होती तवर माहा पोरगा अडकला होता, बाई! आता त्यानं आपल्याले सोडलं म्हणा लागन.”