पहिलं ताट

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आटपाडीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मंगलची पापणी खाली ओढून पाहिली. सातवा महिना होता आणि पापणीआड सगळं पांढरं होतं. त्या तिच्या सासूला, बयाबाईला, म्हणाल्या, "नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. घरात पहिलं ताट हिचं वाढत जा. नाहीतर बाळंतपणात ही हातची जाईल."

बयाबाई हसली. "आवं बाई, गडीमाणसं उपाशी आन् सून पाटावर? भावकी तोंडात शेण घालंल. आमीबी उरलंसुरलं खाऊनच सा लेकरं काढली की."

सहातली दोनच जगली, हे तिनं सांगितलं नाही.

घरची अंडी बाजारला जात, दूध डेअरीला जाई. सगळे जेवून उठले की टोपलीत उरलेली भाकरी मंगल कालवणाच्या पाण्यात बुडवून खाई. कधी तीही उरत नसे. बाळंतपणात ती गेली आणि पोरही गेलं.

दहाव्या दिवशी ओढ्याकाठी तिच्या नावानं पान वाढलं. दूधभात, वर तुपाची धार. कावळे बाभळीवर बसून राहिले, एकही खाली उतरेना. ऊन कलायला लागलं. कावळा शिवल्याशिवाय कुणाला जेवता येत नव्हतं आणि भावकी सकाळपासून उपाशी होती. शेवटी बयाबाईनं पानापुढं पदर पसरला.


"मंगल, आदी तू जेव गं बाई. तू जेवल्याबिगर घरात कुणाच्या तोंडात घास जायचा न्हाई."