खवलं

"खवलंच निघणार बघ," वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. "निघाली की कोळणीची माशांची पाटी चाळीबाहेर. ठरलंय आपलं."

चाळीमागच्या गल्लीत गणपत घोटाभर घाणीत उभा होता. तिन्ही मजल्यांच्या मोऱ्या ज्या एका पाइपात उतरत, तो तुंबला होता आणि काळं पाणी तळमजल्याच्या खोल्यांत शिरत होतं. गणपत बांबूची कांब आत खुपसत होता. शेजारी पुतळाबाई कोळीण कमरेवर हात ठेवून उभी. काय निघतंय ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

अंबिका, गणपतची बायको, मागल्या दारात उभी होती. काय निघणार हे साऱ्या चाळीत तिला एकटीला ठाऊक होतं.

गिरण्यांच्या संपाला वर्ष होऊन गेलेलं. तिचा दीर दगडू भायखळ्याच्या बाजारात हमालीला जातो असं सांगून चोरून गिरणीत जात होता. केसांत, सदऱ्यात कापूस घेऊन यायचा. गॅलरीत झटकला तर चार डोळे बघणार. म्हणून अंबिका त्याला आधी मोरीत उभा करायची, डोक्यावर पाणी ओतायची, कपडे तिथंच घुसळायची. आणि नवरा कोण? तर संपाचा चाळीतला पुढारी. चाळीतला कुशाबा संप मोडून कामावर गेला तेव्हा त्याच्या तोंडाला डांबर फासलं ते गणपतच्या याच हातांनी.

कांब अडकली. गणपतनं जोर लावून ओढली. टोकाला काळा पुंजका लोंबत आला. त्याचं शेपूट गणपतच्याच मोरीच्या तोंडात गेलेलं. त्यानं तो बोटांनी पिळला. आत पांढरा. उभा जन्म कार्डिंग खात्यात गेलेला माणूस, त्याला कापूस सांगावा लागत नाही.

त्यानं वळून बायकोकडे बघितलं. "दगडू?" नुसते ओठ हलले.

"दोन्ही वेळा भात जेवता," अंबिका दबक्या आवाजात म्हणाली. "कधी विचारलंत, कुठनं येतो?"

"काय निघालं रे गणपत?" वरून हाक आली.

गणपतनं पुंजका सदऱ्यात कोंबला. पोटावरून काळं पाणी ओघळलं.

"बोल की. खवलं ना?"

पुतळाबाई हातभर अंतरावर होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"खवलं," गणपत म्हणाला. मग साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं, "खवलंच आहेत."

वरून शिव्या सुरू झाल्या. पुतळाबाईनं तोंड उघडलं. अंबिकानं दारातूनच हात जोडले.

पुतळाबाई वळून आपल्या खोलीत गेली. आत पत्रा खरवडल्याचा आवाज झाला. बाहेर आली ती स्वतःच्या मोरीच्या तोंडावर बसवलेली भोकाभोकांची जाळी उचकटून घेऊन. जाळीभर ओली खवलं चिकटलेली. ती तिनं अंबिकाच्या जोडलेल्या हातांवर ठेवली.

"बसव तुझ्या मोरीला," ती म्हणाली. "माझी पाटी तर आज गेली. परत पाइप तुंबला तर कोणाचं नाव घेशाल?"